ठकूआत्याचे बेचाळीस उंबरे

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की निवळखेडच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि देवळापुढच्या पिंपळाचा शेंडा शेळीच्या तोंडाला यायचा. हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा, देवापुढची वात सारखी करा आणि ऐका.

निवळखेडात बेचाळीस घरं होती आणि महादेवाचं एक देऊळ होतं. ठकू ही त्या देवळाच्या गुरवाची लेक. लहानपणीच तिचं कुंकू पुसलं आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. भावाच्या मुलांची आत्या, म्हणता म्हणता ती सगळ्या गावाचीच ठकूआत्या झाली. पहाटे उठावं, नदीवर अंघोळ करावी, काठची कण्हेर, तगर, जास्वंद खुडावी आणि ऊन अंगणात उतरायच्या आत घरोघर पूजेची फुलं पोचवावीत, हा तिचा नेम. तिच्या परडीतलं फूल दिवे लागेपर्यंत मलूल होत नसे, असं म्हणतात.

त्या गावात गोपाकाकू राहायच्या. घरात दूधदुभतं होतं, देवधर्म होता, पाळणा मात्र हलत नव्हता. सुनेला, सुंदराला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. तिसऱ्या खेपेला गोपाकाकूंनी महादेवापुढे पदर पसरला. म्हणाल्या, "देवा, बाळ जन्माला यायच्या आत तुला लाख कण्हेरी वाहीन. एवढं एक पदरात टाक."

वैशाखात लाखोली सुरू झाली. ठकूआत्या रोज हजार फुलं खुडून आणायची. हात चिकानं माखायचे, बोटं चुरचुरायची. पण सुंदराचा चेहरा आठवला की तिला शीण वाटत नसे. काकू एकेक फूल नाव घेत वाहायच्या आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य नदीत सोडायच्या.

श्रावणात नदी चढली. घाट पाण्याखाली गेला. निर्माल्य न्यायचं कुठं? देवाच्या अंगावरचं फूल उकिरड्यावर टाकायचं काकूंच्या मनाला येईना. त्यांनी ते गोठ्याच्या कोपऱ्यात वाळत घातलं आणि कोंड्यात मिसळून गाईपुढे ठेवलं. देवाचं गाईच्या मुखी गेलं, पुण्यच होईल, असं त्यांना वाटलं. मनात काही वाईट नव्हतं. आपणही कितीदा असंच करतो.

गाय जुनी होती. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिची कालवड पिंगळी मात्र नुकती कुठं कोंड्याला तोंड लावायला शिकली होती. सुंदराचा तर ती जीव की प्राण. दुपारी सुंदरा गोठ्यात बसून तिच्या कानाशी लागायची, "बाळ आलं की तू त्याची ताई हं." पिंगळी कान हलवायची.

चौथ्या दिवशी सकाळी पिंगळी खाली बसली ती उठेना. तोंडाला फेस आला. गावात आलेल्या वैदूला धावत बोलावलं. त्यानं तिच्या छातीला हात लावला, मग गव्हाणीत हात घातला आणि चिमूटभर कोंडा तळहातावर पसरला. त्यात वाळून सुरकुतलेली गुलाबी पाकळी होती, आणि फुलांबरोबर खुडून आलेली अरुंद पानं होती.

"ही कण्हेर आहे, माय," तो म्हणाला. "फूल, पान, साल, सगळ्यात विष. वाळलं म्हणून उतरत नाही. देवाला चालतं, कारण देव खात नाही."

त्या वेळी ठकूआत्या परडी घेऊन दारातच उभी होती. आपलं फूल तिनं ओळखलं. सुंदरानं पिंगळीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती रडत नव्हती, नुसती कान कुरवाळत होती. ऊन डोक्यावर यायच्या आत पिंगळी गेली.

ठकूआत्या तिथून निघाली ती थेट देवळात. तीन दिवस ती तिथंच होती. अन्न नाही, बोलणं नाही. तिच्या मनात एकच घोळत होतं. त्या मुक्या लेकराला विष देणारा हात आपला. आणि आता पुन्हा त्या झाडाला हात लावायचा तर धजवत नाही, न लावावा तर लाखोली मोडते. पंचाण्णव हजार झाली होती, पाच उरली होती. सुंदराला पाचवा महिना लागला होता.

तिसऱ्या दिवशी दर्शनाला उठताना तिचा हात नेहमीप्रमाणे नंदीच्या पाठीला लागला, आणि ती थबकली. रोज इथं यायचं, आधी नंदीला हात लावायचा, मग शिंगांमधून देवाकडे बघायचं. जन्मभर हे केलं, पण कळलं कधीच नाही. देवाच्या दारातसुद्धा पहिली जागा जनावराची आहे. नंदीच्या दगडी डोळ्यातून तेव्हा पाणी आलं, असं म्हणतात. कोणी म्हणतात, गाभाऱ्यातली ओल होती ती. ज्याला जसं दिसलं तसं.

आत्या उठून गोपाकाकूंकडे गेली.

"काकू, मी कण्हेर खुडणार नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "आत्या, पाचच हजार उरलीत. निर्माल्य पुरू आपण खड्ड्यात, वर दगड ठेवू. पण व्रत मोडलं आणि पोटातल्याला बाधलं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"मोडायचं नाहीच. उरलेली मी वाहते. पण फुलं दुसरी. एका घरातल्या मुक्या जिवांचा एक दिवस सुखरूप गेला, की ते एक फूल. गावात बेचाळीस उंबरे आहेत. रोज बेचाळीस वाहीन."

"हे कुठल्या पोथीत सांगितलंय?"

"नाही सांगितलेलं. बाधलं तर माझ्या माथी. तसं मी देवाला सांगून आलेय."

आतून सुंदरा म्हणाली, "सासूबाई, करू दे त्यांना. माझ्या पिंगळीच्या नावानं करू दे."

दुसऱ्या दिवसापासून आत्या प्रत्येक दारात पूजेची फुलं द्यायची आणि विचारायची, "घरात कोण कोण आहे?"

बायका सांगायच्या, "मी आहे, हे आहेत, सासूबाई आहेत, पोरं आहेत."

"आणखी कोण आहे?"

"आणखी कोण असणार?"

"मग जात्याशेजारी बसलीय ती कोण?" मांजर डोळे मिटून बसलेली असायची.

मग आत्या घरातून एक फेरी मारायची. उंदरांसाठी सोमलाचं विष घातलेलं पीठ कुत्र्याच्या वाटेवरून उचलायला लावायची. शिवणाची दोरा ओवलेली सुई मांजरीच्या पिल्लापासून दूर डब्यात ठेवायची. घरबांधणीचा चुना कालवलेला खड्डा फळीनं झाकायची. उघड्या रांजणात तिरपी काठी सोडायची, कोंबडीचं पिल्लू पडलं तर चढून येईल म्हणून. एरंडीची विषारी पेंड शेताला घालायला आणलेली असली तर शेळीच्या तोंडाला येणार नाही अशी उंच ठेवायची. आणि चूल पेटवायच्या आधी फुंकणीनं चुलीच्या कडेवर तीनदा टकटक करायची. थंडीत मांजरं राखेच्या उबेला चुलीत शिरतात. तीन टकटकी ऐकल्या की बाहेर येतात.

गाव हसलं, हसणारच. वरच्या आळीचे म्हातारे सखोबा ओट्यावरून म्हणायचे, "आत्या, आमच्या बाजेत ढेकूणही आहेत. त्यांचीही फुलं वाहा की."

"वाहते. त्यांचं जेवण व्यवस्थित चाललंय ना?" आत्या विचारायची.

"चाललंय तर. मला काही उरत नाही."

महिनाभरानं सखोबांचा म्हातारा कुत्रा चुन्याच्या खड्ड्यावरून बिनधास्त चालत गेला, कारण वर फळी होती. त्या दिवसापासून आत्या दारात आली की आधी सखोबा उठून उभे राहायचे. "मी, म्हातारी, दोन नातवंडं आणि वाघ्या. सगळी आहोत," असं न विचारताच सांगायचे.

भाद्रपद लागला. सुंदराचा पाचवा महिना सुखरूप टळला तेव्हा काकूंनी देवापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. आश्विन गेला, कार्तिकही सरला. या चार महिन्यांत गावातलं एकही जनावर विषानं, आगीनं की पाण्यानं गेलं नाही, असं म्हणतात.

मार्गशीर्षात कडाक्याची थंडी पडली. बाळंतिणीच्या पाण्यासाठी काकूंनी मागच्या पडवीतलं मोठं चुलाणं सारवून, आत गोवऱ्या आणि काटक्या रचून तयार ठेवलं होतं. एका पहाटे सुंदराच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस वर आला तरी सुटका होईना. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोर दमलीय. ऊन पाणी लवकर करा."

काकू चिमट्यात रसरशीत निखारा घेऊन पडवीत आल्या, आणि समोरून ठकूआत्या. एकेचाळीस उंबरे झाले होते. पाच हजारांच्या शेवटच्या दिवसाचा हा शेवटचा.

"घरात कोण कोण आहे?"

"आत्या, पाया पडते, आज नको. आत पोरीचा जीव अडकलाय."

"माऊ कुठं आहे?"

काकू थांबल्या. त्यांची भुरी मांजर दोन दिवस दिसली नव्हती. दूधही तसंच पडून होतं. एवढ्या गडबडीत कोण बघतंय.

आत्यानं फुंकणी घेतली आणि चुलाण्याच्या कडेवर टकटकवली. एकदा, दोनदा, तीनदा.

काटक्यांमागे काहीतरी हललं. राखाडलेली माऊ बाहेर आली. तोंडात मानेला धरलेलं एवढंसं पिल्लू होतं, डोळे मिटलेलं. ती पडवी ओलांडून कणगीमागे गेली, पिल्लू ठेवून परत आली आणि पुन्हा चुलाण्यात शिरली.

आतून सुंदराचं कण्हणं ऐकू आलं. काकू एकदा दाराकडे बघत, एकदा चुलाण्याकडे.

"काय झालं, सासूबाई?" सुंदरानं विचारलं.

"माऊ व्यालीय गं चुलाण्यात. पिल्लं काढतेय एकेक."

सुंदरा म्हणाली, "मग थांबा. घाई नका करू तिला. तिचं होऊ द्या आधी."

आणि ते सगळं घर थांबलं. सुईण थांबली, पाण्याचा हंडा घेतलेल्या शेजारणी थांबल्या, निखारा चिमट्यात काजळत गेला. दुसरं पिल्लू गेलं. तिसरं गेलं. चौथं अगदी मागे होतं. ते शोधायला माऊला वेळ लागला, पण कोणी हूं की चूं केलं नाही. चौथं तोंडात धरून माऊनं उंबरा ओलांडला, आणि त्याच घटकेला आतून बाळाचा टाहो ऐकू आला. असं म्हणतात.

काही वेळानं सुईण दारात आली. म्हणाली, "मुलगी आहे. दोघी सुखरूप."

ठकूआत्यानं फुंकणी जागेवर ठेवली. डोळे पदराला पुसले आणि पुन्हा विचारलं, "काकू, घरात कोण कोण आहे?"

काकू बोटांवर मोजायला लागल्या, मग मोजणं सोडून म्हणाल्या, "सगळी आहेत, आत्या. आणि पाच वाढलीत."

लाखोली पुरी झाली. पण आत्याचा नेम थांबला नाही. ती पुढे कितीतरी वर्षं उंबऱ्या-उंबऱ्याला जात राहिली. एका श्रावणी सोमवारी तिची परडी नंदीपाशी सापडली. आत्या तिथंच त्याच्या पाठीला टेकून बसली होती, डोळे मिटून. त्या सकाळीही बेचाळीस दारांत "घरात कोण कोण आहे?" हे शब्द ऐकू आले होते, आणि बेचाळीस घरांनी उत्तर दिलं होतं, असं म्हणतात. तिला न्यायला निघाले तेव्हा गावातली कुत्री भुंकली नाहीत. मागून चालत गेली.

आज निवळखेडात दोनशेच्या वर घरं आहेत. चुली गेल्या, गॅस आले. तरी तिथली बाई शेगडी पेटवण्याआधी ओट्यावर बोटानं तीनदा टकटक करते. गडी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी चाकावर तीनदा थाप मारतो आणि वाकून खाली बघतो. देवाला कण्हेर वाहतात, पण तिचं निर्माल्य देवळामागच्या खड्ड्यात जातं आणि त्यावर आत्याच्या नावाचा दगड असतो. उंदराचं औषध घरात आलं तर आधी शेजारी सांगून येतात. पाण्याच्या प्रत्येक टाकीत एक काठी तिरपी सोडलेली असते, नवी सून ती काढायला गेली तर सासू हात धरते.

आणि श्रावणी सोमवारी पहिला दहीभात उंबऱ्याबाहेर ठेवतात. घरातलं धाकटं लेकरू उंबऱ्यात उभं राहून विचारतं, "घरात कोण कोण आहे?" मग घरातलं मोठं माणूस एकेकाचं नाव घेतं, आजीचं, बाबांचं, आईचं, गाईचं, कुत्र्याचं, मांजरीचं आणि तिच्या पिल्लांचं. एक जरी नाव राहिलं, तर पुन्हा पहिल्यापासून. सगळी आहेत असं झालं, की मगच पानं वाढतात.