खांबटाक्यातली रागीट परी

पिंगळगडाच्या अगदी माथ्यावर, देवीच्या देवळाशेजारी, हौसाची इवलीशी झोपडी होती. हौसा आठ वर्षांची. पायात चप्पल नाही, परकराला तीन ठिगळं. उन्हाने गडावरची सगळी टाकी आटली होती. फक्त कातळात खोदलेल्या खांबटाक्यात, दगडी खांबांच्या सावलीत, गुडघाभर निळंशार पाणी उरलं होतं. तेवढ्या पाण्यावर हौसाने, तिच्या आईने आणि तान्ह्या भावाने पावसाळ्यापर्यंत दिवस काढायचे होते.

त्या दिवशी आई बाळाला घेऊन खाली बाजाराला गेली आणि शहरातले चार दादा गडावर आले. आले ते थेट टाक्यात उतरले. साबण लावून! पिण्याच्या पाण्यात! मला तर हे सांगतानासुद्धा संताप येतो.

"अवो, भायेर या! प्यायाचं पानी हाय त्ये!" हौसा ओरडली.

"तुझ्या बापाचं आहे का टाकं?" एक जण हसला आणि त्याने वेफर्सची रिकामी पिशवी पाण्यातच भिरकावली.

हौसाला रागाने रडू फुटलं. ती तटाआड जाऊन बसली. तेवढ्यात गवतातून कुणीतरी शिंकलं. आक् छी! बघते तर चिमुकली परी! पंख खंड्या पक्ष्यासारखे निळेनिळे, झगा चंदेरी, लुकलुकता. पण केसांत साबणाचा फेस आणि नाकाचा शेंडा रागाने लालबुंद.

"मी या टाक्यातली परी," ती म्हणाली. "टाकं खोदलं तेव्हापासून इथे राहते. यातून निघालेल्या दगडांचाच हा तट बांधला, तो बुरूज रचला. वैऱ्याने सहा महिने वेढा घातला, तरी या पाण्यावर गड लढला. आणि आज माझ्या डोळ्यांत साबण! माग बाळ, एक इच्छा माग. पण नियम ऐक. जे मागशील ते गडावरच्या प्रत्येकाला होईल. तुलासुद्धा."

"त्यांचा दगूड..." हौसाने तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. ती स्वतःच दगड झाली, तर आईला हंडे कोण भरू लागणार? दातओठ खात तिने बराच विचार केला.

"परीबाई, ह्ये टाकं खोदताना हातांस्नी काय सोसावं लागलं, त्ये समद्यांच्या हातांस्नी कळू दे. माझ्याबी."

छन्! छन्! छन्! निळ्या-सोनेरी ठिणग्या उडाल्या. हौसाच्या कोवळ्या तळव्यांवर टरारून फोड आले. टाक्यात चारही दादा किंचाळले. छिन्नी, हातोडा, भर ऊन आणि दिवसभर घाव घालून बोटभर खोली, सगळं त्यांच्या हातांना कळलं. माना खाली घालून ते बाहेर आले.

"आता काय करू आम्ही?"

"उपसा!" हौसा कडाडली.

त्यांनी साबणाचं पाणी उपसलं, कचरा वेचला. टाकं कोरडं ठणठणीत झालं. आता झोपडीतला सकाळचा एकच हंडा काय तो उरला. दादांच्या घशाला कोरड पडली होती, पण मागायची हिंमत कुणाला होईना. बरं झालं, असं हौसाला वाटलं. मग त्यांचे फुटलेले ओठ तिला दिसले. फणफणत ती गेली आणि फोडांच्या हातांनी हंडा घेऊन आली.

"प्या! आन् त्वांड वर करून बगू नगा."

हंडा रिकामा झाला. परी खुदकन हसली. "एवढ्या रागातही जिने पाणी दिलं, तिचं टाकं कधी आटणार नाही," म्हणत तिने कातळाला इवलंसं बोट लावलं. झुळझुळ झरा फुटला. हौसाचे फोड विरले. टाकं काठोकाठ पाण्याने आणि उजेडाने भरलं आणि त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली.

"आता गेला ना गं राग?" एका दादाने हळूच विचारलं.

"न्हाई," टाक्याच्या काठावर बसत हौसा म्हणाली. "ठिवलाय. उद्या आनखी कुनी यील."