केरसुणीची जागा

मुलांनो, केरसुणी नेहमी दाराआडच का उभी असते, हे कधी कुणाला विचारलंत का?

फार पूर्वी ती स्वयंपाकघरात, तांब्या आणि परातीच्या शेजारी, एकाच फळीवर राहायची. एकदा भांडी राखेने घासून लखलखीत झाली आणि जमिनीवर राखच राख झाली. केरसुणीने ती सगळी झाडून काढली. दमूनभागून ती फळीवर चढू लागली, तसा तांब्या म्हणाला, "थांब बाई, तुझ्या अंगाला राख आहे."

"अहो तांब्याभाऊ, ही तुमच्याच अंगाची की!"

"असेल. पण आता तुझ्या अंगाला आहे ना? आजचा दिवस दाराआड उभी राहा."

तो दिवस गेला, तरी कुणी तिला वर बोलावलं नाही. पुढे घरात नवी वाटी आली. तिने विचारलं, "ही आपल्यात का येत नाही?"

परात म्हणाली, "देवानेच तिला तिथे ठेवलंय. उगाच शिवू नकोस."

लक्ष्मीपूजनाला मात्र सगळ्यांनी केरसुणीला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. तिला अगदी भरून आलं. "म्हणजे आज मी फळीवर झोपू ना?"

तांब्या वाकून म्हणाला, "भलतंच काय! तू साक्षात लक्ष्मी. आम्हा भांड्यांत कशी राहशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणीने आपल्याच पूजेची सुकलेली फुलं झाडून काढली आणि ती दाराआड जाऊन उभी राहिली.