रिबकाला दिलेलं उत्तर

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं. गावात ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती, आणि त्यांचे एक गुरुजी होते.

गुरुजी मोठे अभ्यासू. शुभवर्तमान त्यांना जवळजवळ तोंडपाठ होतं. रविवारी उपासना झाली, जेवणं उरकली, की लोक त्यांच्या ओसरीवर जमत. गुरुजी एक अध्याय वाचत आणि मग लोक शंका विचारत. प्रभूनं मंदिरातल्या व्यापाऱ्यांवर आसूड उगारला, तर मग राग हे पाप कसं? पाठीमागून घात करणाऱ्या शिष्याला त्यानं मुळात निवडलंच का? गुरुजी कुठंच अडत नसत. प्रश्न पुरा होण्याआधी त्यांचं उत्तर तयार असे. लोकांना त्याचं फार कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर गुरुजींनाही होतं.

त्या गावात रिबका नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा शांतवन मागावर बसे, ती त्याला सुताच्या कांड्या भरून देई. त्यांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला. नुकता कुठं बापाच्या शेजारी बसून सुताशी खेळायला लागला होता. पुढं कितीतरी दिवस रिबका घराबाहेर पडली नाही. मग एका रविवारी ती नवऱ्याबरोबर ओसरीवर येऊन बसली.

त्या दिवशीचा अध्याय नेमका तापाचाच होता. राजाच्या एका अंमलदाराचा मुलगा मरायला टेकला होता. बाप धावत प्रभूकडे आला. प्रभू त्याच्या घरी गेलासुद्धा नाही. होता तिथूनच बोलला, आणि तिकडं मुलाचा ताप उतरला.

वाचन संपलं तशी रिबका म्हणाली, "गुरुजी, माझ्या बाळालाही तापच होता. आम्हीही गुडघे टेकून मागितलं. प्रभूला तर यावंही लागलं नसतं. मग त्या बापाचं ऐकलं, आमचं का नाही ऐकलं?"

गुरुजींनाही क्षणभर वाईट वाटलं. पण सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि उत्तरावाचून राहायची त्यांना सवय नव्हती.

"त्या बापाचा विश्वास पुरा होता, बाई," ते म्हणाले. "आपलं मागणं फळाला आलं नाही, तर आपलाच विश्वास कुठंतरी कमी पडला असं समजावं. प्रभूला जाब विचारू नये."

रिबकानं मान खाली घातली. शांतवननं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. गुरुजींनी पान उलटलं.

त्यानंतर रिबका ओसरीवर आली नाही. काही महिन्यांनी ती माहेरी गेली असं कानावर आलं. हळूहळू इतरांनीही विचारणं सोडलं. आपण काही विचारावं आणि आपलाच विश्वास चारचौघांत उघडा पडावा, असं कुणाला वाटेल? लोक येत, ऐकत, मान डोलावत आणि घरी जात. गुरुजींना वाटलं, बरं झालं, सगळ्यांच्या शंका फिटल्या.

वर्षं गेली. गुरुजींना थोमा नावाचा धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेल्यामुळं गुरुजींनीच त्याला वाढवलं होतं. तो आजारी पडला. गुरुजींनी उपास केले, प्रार्थना केली. मनात तीळभर संशय ठेवला नाही. तरी थोमा गेला.

माती देऊन परतल्यावर शेजारचा एक म्हातारा विणकर त्यांच्याजवळ येऊन बसला. गुरुजींच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, गुरुजी. तुमचाही विश्वास कुठंतरी कमी पडला असेल."

म्हातारा टोमणा मारत नव्हता. त्या ओसरीवर तो जे शिकला होता, तेच प्रेमानं सांगत होता. गुरुजींना मात्र ते शब्द चटका देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शुभवर्तमान उघडलं. मेलेल्या मित्राला प्रभूनं कबरेतून उठवलं, तो अध्याय काढला. हा अध्याय त्यांनी अनेकदा शिकवला होता, पण दर वेळी त्यांची घाई असे ती चमत्कारापाशी पोचायची. या वेळी ते अलीकडंच थांबले. मेलेल्याच्या दोन बहिणी, एकीमागून एक, प्रभूला एकच गोष्ट बोलत होत्या: तू इथं असतास तर आमचा भाऊ गेला नसता. हा जाबच होता की! पण तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तो मेला, असं प्रभू त्यांना म्हणाला नाही. थोड्या वेळानं आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही तो आधी त्यांच्याबरोबर रडला.

ठाऊक होतं, तर मग रडला का? गुरुजींना उत्तर सुचलं नाही. त्यांनी ते शोधलंही नाही. ते उठले आणि घाट ओलांडून रिबकाच्या माहेरी गेले.

रिबका अंगणात डाळ पाखडत होती. केस पिकले होते. तिनं पाणी दिलं.

"रिबकाबाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," गुरुजी म्हणाले.

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवसापासून हे माझ्याशी धड बोलले नाहीत. आपला विश्वास पुरा होता, हिचाच कमी पडला, असं घेतलं त्यांनी मनात. शेवटी इथं आणून सोडलं. गेल्या उन्हाळ्यात वारले, तुम्हीच माती दिलीत त्यांना. मी अजून रोज पोराची क्षमा मागते, गुरुजी. वाटतं, माझ्यामुळं गेलं."

गुरुजींनी तिला त्या बहिणींचा अध्याय वाचून दाखवला.

"त्यांनी तोंडावर विचारलं त्याला?"

"हो."

"आणि तो रागावला नाही?"

"नाही. रडला."

रिबकानं सूप खाली ठेवलं. "मग तुम्हीही त्या दिवशी नुसते रडला असतात तरी चाललं असतं की, गुरुजी."

गुरुजींनी हात जोडून क्षमा मागितली.

"मी केली क्षमा," ती म्हणाली. "पण ह्यांना आता कोण सांगणार?"

गावी परतून गुरुजींनी ओसरीवर सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली. "आता मनात येईल ते विचारा," ते म्हणाले. "मला येत नसेल, तर येत नाही असं सांगेन." लोकांनी आदरानं माना डोलावल्या. पण विचारलं कुणीच नाही. विचारण्याची त्यांची सवयच मोडून गेली होती. पुढं हयातभर गुरुजी दर रविवारी अध्याय संपला की वाट बघत थांबत, आणि लोक आपापली पायताणं शोधत उठून जात.

म्हणून लहानथोरांनो, दुःखानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये. आधी विचारणाऱ्याजवळ बसावं.