बिबटरावांची हिरवळ

एक होतं रान. रानाचं नाव आडराई. तिथे वाघ नव्हता, म्हणून बिबट्या राज्य करत होता. बिबटराव हे रीतसर निवडून आलेले राजे होते बरं का. मतदानाच्या दिवशी ते स्वतः मतपेटीवर बसून होते. ज्याला मत टाकायचं असेल त्याने "सरकार, जरा उठता का" एवढं विचारायचं होतं. कुणी विचारलं नाही. मतदान शांततेत पार पडलं.

त्या रानात केवडी नावाची एक चिंकारा हरिणी राहायची. गवतातलं तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मारवेल कुठला, पवन्या कुठला, कुठलं गवत कधी राठ होतं, हे ती डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायची. यात कौतुक कसलं? पोटाला लागतं ते ज्याचं तो शिकतोच. आडराईत बाकी सगळीकडे घाणेरी माजली होती आणि घाणेरीला कुणी तोंड लावत नाही. चरायला जागा उरली होती ती एकच, पवन्याचा उतार. केवडीला नुकतंच पाडस झालं होतं. तिळी त्याचं नाव. तिळी अंगावर पीत होती, आणि केवडीच्या अंगात दूध यायचं ते त्या उतारावरून. एवढंच काय ते तिचं राजकारण होतं.

आता झालं असं, की एकदा बिबटराव शहराच्या कडेला एका बंगल्यात कुत्रा आणायला गेले. कुत्रा काही मिळाला नाही, पण बंगल्यापुढे त्यांना हिरवळ दिसली. माळ्याने कातरलेली, पाणी मारलेली, गार. राजे तिच्यावर चांगली पाच मिनिटं लोळले आणि परत आले ते डोक्यात खूळ घेऊनच.

"बंधू-भगिनींनो," दुसऱ्या दिवशी ते दरबारात म्हणाले, "तिकडे कुत्र्यांच्या दारात हिरवळ आहे. आणि आपल्या राजाच्या गुहेपुढे काय आहे? धोंडे. मागच्यांनी इतकी वर्षं केलं तरी काय? नुसतं गवत वाढू दिलं, आणि तुम्ही ते खात बसलात."

गवत खाणाऱ्यांनी माना खाली घातल्या. आपण इतकी वर्षं गवत खात होतो याची त्यांना तोवर लाज वाटली नव्हती.

लगेच बियाणे निवड समिती नेमली गेली. अध्यक्ष आप्पा तरस. चिटणीस कोल्हा. लांडग्याने एकदा पोट बिघडलं तेव्हा गवत खाऊन ओकलं होतं, म्हणून त्याला तज्ज्ञ म्हणून घेतलं. आणि गवत खाणाऱ्यांचा आवाजही ऐकला जावा म्हणून केवडीला बोलावलं. ऐकायचा, म्हणजे आवाज, म्हणणं नव्हे.

केवडी बिचारी मनापासून तयारी करून गेली. तिला वाटलं, खरंच विचारतायत.

"अंगणात हरळी लावा," ती म्हणाली. "बी शोधत बसायचीसुद्धा गरज नाही, नुसत्या काड्या मातीत खोवल्या तरी धरते. जमिनीला धरून पसरते, टोचत नाही. कितीही तुडवा, पुन्हा उठते."

आप्पा तरसांचे कान उभे राहिले. "तुडवल्यावर पुन्हा उठते? राजांच्या दारात?"

"हो, तोच तर तिचा गुण."

"चिटणीस, नोंद घ्या," आप्पा म्हणाले. "हरळी नामंजूर."

आडराईत कुणालाही नोकरीवर घ्यायची एक जुनी रीत होती. राजे समोरून चालत जायचे आणि जो त्यांच्या मागे लागेल तो लायक. रखवालदारापासून न्यायाधीशापर्यंत सगळे असेच निवडले गेले होते, मग बियाण्याला वेगळा न्याय कशाला? समितीने सात प्रकारच्या बियांचे ढीग मांडले. बिबटराव त्यांतून ऐटीत चालत गेले, शेपटी फिरवली, थोडे बसले, उठले आणि गुहेत गेले. हरळीचं बी जागच्या जागी राहिलं. मारवेलचं झडून पडलं. पण कुसळीचं बी सरकारांच्या शेपटीला, मांड्यांना, पोटाला असं काही चिकटलं, की गुहेतून बाहेर आले तरी सुटेना.

"याला म्हणतात निष्ठा," आप्पा गहिवरून म्हणाले. लांडग्याने तज्ज्ञ या नात्याने मान हलवली. बी एकमताने निवडलं गेलं.

"अहो आप्पा, ती कुसळी आहे," केवडीला राहवेना. "कोवळी असते तोवर दिसायला बरी. पावसाळा सरला की तिला सुया येतात. आमची तोंडं फाटतात, पाडसांचे डोळे जातात. तिच्यावर लोळायचं कसं?"

"सुया विरोधकांना टोचतात, केवडीबाई. आपल्याला कशा टोचतील? ती आपली आहे."

चिटणीस कोल्ह्याने ठराव पुढे केला. खाली लिहिलं होतं, 'गवत खाणाऱ्यांच्या प्रतिनिधीच्या शिफारशीवरून.' तिथे केवडीचा खूर उमटायचा होता. तिने पाय मागे घेतला. आप्पा तरस काही रागावले नाहीत. ते दाराकडे बघत होते. तिथे तिळी उभी होती.

"पाडस छान आहे हो तुमचं," आप्पा म्हणाले. "किती दिवसांचं झालं?"

केवडीने खूर उमटवला. घरी जाताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिळी दोनदा ढुशा द्यायला आली तरी ती थांबली नाही.

मग लागवडीचं पर्व सुरू झालं. धोंड्यावर काही उगवत नाही, हे समितीच्या तिसऱ्या बैठकीत लक्षात आलं. माती हवी होती. चांगली माती होती ती फक्त पवन्याच्या उतारावर. रानडुकरांनी ती खणायची, हरणांनी पाठीवरून वाहायची, सशांनी दोनदा चाळायची, एकही खडा राहता कामा नये. उतार तात्पुरता बंद झाला. तात्पुरता हा शब्द फलकावर चांगला मोठा लिहिला होता.

बी वाळूत कालवून सारखं भिरकावायचं असतं, वरून मातीचा हलका हात फिरवायचा असतो. हे केवडीने सांगितलं, कारण तेवढं तरी धड व्हावं असं तिला वाटलं. पण पहिलं बी सरकारांनी पेरलं. तेच बी त्यांनी अकरा वेळा पेरलं, कारण चित्र काढणाऱ्या कावळ्याला मनासारखा कोन सापडत नव्हता. लांडग्याने घोषणा दिली, "आधी हिरवळ, मग चारा." पोट रिकामं असलं की आवाज चांगला घुमतो. हरणांनीही ती घोषणा दिली.

पाणवठ्याचं पाणी अंगणाकडे वळवलं. पाखरांना अंगणावरून उडायची बंदी झाली, कारण त्यांची सावली कोंबांवर पडून मनोबल खचत होतं. केवडी घाणेरीच्या जाळ्यांतून एखादं चुकार पातं शोधत हिंडायची. तिचं दूध आटत चाललं. तिळी ओढून ओढून थकायची आणि मग तिच्या पोटाशीच मान टाकून पडायची. केवडीला रडावंसं वाटे, पण आसवांना पाणी लागतं आणि पाणी राजांच्या अंगणाकडे वळवलेलं होतं.

आणि काय सांगावं, पाऊस लागताच कुसळी तरारून आली की. हिरवीगार, मऊ. सगळी आडराई बघायला लोटली. चिटणीस कोल्हा केवडीला मुद्दाम पुढे घेऊन गेला.

"काय केवडीबाई, तुम्हाला तर सुया दिसत होत्या."

"थोडं थांबा," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यावरून तिला 'थांबा गँग' असं नाव पडलं. ती एकटीच होती, पण गँग म्हटल्याशिवाय बंदोबस्त वाढवता येत नाही.

कार्तिक आला. गवत पिवळं पडलं. फर्मान निघालं, की पिवळा हा हिरव्याचाच पुढचा टप्पा आहे, आणि ज्यांना हिरवं दिसत नाही त्यांनी आपली नजर तपासून घ्यावी. सगळ्यांना हिरवं दिसू लागलं. मग वर्षपूर्तीला अजून सात महिने असताना वर्षपूर्तीचा सोहळा ठरला. गुहेपुढे प्रजा गोळा झाली, आणि बिबटराव त्या हिरवळीवर सर्वांसमक्ष लोळले.

एकदा इकडे. एकदा तिकडे. मग ते एकदम थांबले.

शेकडो कुसळं पोटात, बगलांत, आणि जिथे राजांनाही नाजूकच असतं अशा सगळ्या ठिकाणी रुतली होती. पण समोर प्रजा, वर कावळा. सरकार तसेच उठले आणि भाषणाला उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा, राजांना गहिवरून आलं," आप्पा म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर आठ दिवस सरकार चिंतनात होते आणि दोन माकडं त्यांचं पोट वेचत होती.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष आप्पा तरस. अहवाल म्हणाला: बी उत्तम होतं. पेरणी ऐतिहासिक होती. दोष मातीत आहे. ती माती गवत खाणाऱ्यांच्या उताराची, आणि शिफारस गवत खाणाऱ्यांच्या प्रतिनिधीची. खाली खूर उमटलेला आहे.

केवडीला शिक्षा झाली नाही. बिबटराव दयाळू होते, आणि निवडणूक जवळ आली होती. शिक्षा उताराला झाली. तो कायमचा बंद झाला, सभोवती काटेरी कुंपण पडलं. आत, न खणता उरलेल्या अर्ध्या भागात, कुणी चरत नसल्यामुळे पवन्या छातीइतका वाढलेला होता. रानडुकरांनी तो दातांनी कापला, माकडांनी पेंढ्या बांधल्या, आणि प्रत्येक पेंढीला बिबटरावांचं चित्र लावलं. चित्रात ते हिरवळीवर पहुडलेले होते. 'राजमाया चारा योजना' असं त्याखाली लिहिलं होतं. घरटी एक पेंढी, महिन्यातून एकदा.

तिळी तोवर अंगावरची सुटली होती. सुटली म्हणजे काय, अंगात काही उरलंच नव्हतं. केवडी तिला घेऊन रांगेत उभी राहिली. पेंढी पुढ्यात आली तसा केवडीच्या नाकात वास गेला. तिचा स्वतःचा उतार होता तो. खालच्या बुडाची, ओलीतली पाती.

तिळीने पहिला घास घेतला. जन्मात पहिल्यांदा ती गवत खात होती. तिचे डोळे मोठे झाले.

"आई, हे किती छान आहे. हे कुठे उगवतं गं?"

केवडीने तोंड उघडलं. समोर चिटणीस कोल्हा मतदारयादी घेऊन उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता. त्याच्या मागे सावलीत आप्पा तरस बसले होते. ते तिळीकडे बघत होते.

"राजांकडे," केवडी म्हणाली. "राजांकडे उगवतं, बाळा."

तिळीला ते पटलं. रांगेतल्या सगळ्याच पाडसांना पटलं. त्या निवडणुकीत बिबटरावांना मतपेटीवर बसावंच लागलं नाही.