शेवंती पाणमांजरीचा गळ

प्राण्यांचा बाजार नदीकाठी भरायचा, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. शेवंती नावाची एक पाणमांजर होती. मगरीने मागचा पाय चावल्यापासून तिला पाण्यात सूर मारता येईना. तिचा नवरा भिवा दोघांपुरते मासे आणायचा, पण दिवसभर त्याची वाट पाहत बसणं तिच्या जिवावर यायचं. "मी गळ टाकायला शिकते," एक दिवस ती म्हणाली.

दोघं साळिंदराच्या दुकानात गेली. तो गळाच्या दोरीला पिसांचा किडा बांधून द्यायचा. खरा किडा समजून मासे त्यावर झडप घालत.

भिवाने पितळी कड्यांची शिसवी काठी उचलली. "हीच घेऊ. पावसाळ्यासाठी सुकवलेले सगळे मासे देतो मी."

"आणि पावसाळ्यात खायचं काय?" शेवंतीने विचारलं.

"आधी टाकून तर बघा," साळिंदर म्हणाला.

ती जड काठी पेलताना शेवंतीचा खांदा भरून आला. किडा धपकन पाण्यात पडला आणि मासे पळाले. मग तिने बांबूची हलकी काठी घेतली. तिची किंमत टोपलीभर जांभळं होती. आधी दोरी झुडपात अडकली, पण नंतर किडा अलगद पाण्यावर टेकला.

"हिच्यावर बसेल माझा हात," ती म्हणाली. भिवाचा चेहरा उतरला. त्याला तिच्यासाठी सगळ्यात भारी काठी घ्यायची होती.

संध्याकाळी तिच्या गळाला बोटभर मासोळी लागली.

"एवढ्याशीने काय होणार?" भिवा हसला.

"अर्धी तू खा."

त्याने खाल्ली, आणि त्या संध्याकाळी पाण्यात न उतरता तो तिच्याशेजारी निवांत लवंडला.