कडी नसलेलं दार

“पण बाई, तो येणार तरी कधी?”

अमोसने विचारलं आणि मांडीवरची गुंडाळी सोडली. कापडावर बायबलातलं शेवटचं पुस्तक, अख्खं प्रकटीकरण, रंगवलेलं होतं. सात शिक्के, सात कर्णे, सात डोक्यांचं श्वापद. हे कापड टांगून अमोस गावोगाव शेवटच्या काळाचा, प्रभूच्या परत येण्याचा संदेश द्यायचा. आयाबाया रडायच्या. लोक म्हणायचे, पोराला भविष्यवाणीचं दान आहे. अमोसही ते नाकारत नसे.

राहेलबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मिशनच्या आवारातल्या या म्हाताऱ्या बायबलबाई. खेडोपाडी पायी हिंडून बायकांना सुवार्ता सांगण्यात त्यांचा जन्म गेला. रविवारच्या शब्बाथशाळेत अमोसकडून पहिलं वचन पाठ करून घेतलं तेही त्यांनीच.

त्यांनी श्वापदाकडे एकदा पाहिलं.

“डोकी बरोबर सात काढलीस हो. चहा घेशील?”

“चेष्टा नको, बाई. मी उपास करतो. आत्मा सुचवील त्या अन्य भाषांत प्रार्थना करतो. माझा दिवा तेलानं भरलेला आहे... तरी तो जवळ आलाय असं वाटत नाही. सभेला ही गर्दी असते. घरी आलं की घर खायला उठतं.”

शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं. निसटलं.

बाईंनी एक खडा वेचून अंगणात भिरकावला.

वाऱ्याने दार आदळलं. अमोस लावायला उठला. कडीसाठी हात वर केला, तर कडीच नाही! नुसती चार भोकं.

“कडी कुठं गेली?”

“उपटून टाकली.”

“अहो, एकट्या राहता तुम्ही!”

“म्हणून तर. एखाद्या सकाळी मी उठलेच नाही, तर लोकांनी दार फोडायचं का? चांगलं सागवानी दार आहे रे.”

बाई खुदकन हसल्या. अमोसला हसू येईना. त्याला आपलं घर आठवलं. रोज आतून कडी आणि वर अडसर. उद्या आपण उठलो नाही, तर कुणाला कळेल? आणि कधी?

“आणि चोर आला म्हणजे?”

“आला की! गेल्या थंडीत. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले होते, डोळे मिटून. पावलं वाजली. मला वाटलं, आला! म्हटलं, ये प्रभू, किती रे वाट बघायला लावलीस... डोळे उघडते तर हा बाबा माझी कळशी घेऊन उभा. घाबरून त्याच्या हातून कळशीच पडली.”

“मग?”

“मग काय, जेवायला वाढलं. आता येतो अधूनमधून. एवढे तांदूळ काय मी एकटी खाणार आहे?”

अमोसची नजर खुंटीवर गेली. तिथे एक मरून रंगाचा स्वेटर टांगला होता. कोपराला नुकतंच ठिगळ लावलेलं. एक बाही मात्र निळी.

आईने तिच्या शेवटच्या नाताळाला त्या दोघा भावांसाठी एकाच लोकरीचे स्वेटर विणले होते. धाकट्याच्या बाहीला लोकर पुरली नाही.

“गिदोन...?”

बाई निवडत राहिल्या.

धाकटा गिदोन पिऊन यायचा आणि दार वाजवायचा. “दादा, उघड ना रे, दादा...” एकदा अमोसने कडी काढलीच नाही. आतूनच वचन ऐकवलं, ‘मी तुला ओळखत नाही.’ त्यानंतर ते दार कुणी वाजवलं नाही.

“दारुडा आहे तो, बाई! आणि आता चोरसुद्धा! दहा कुमारींच्या दाखल्यात नवरा आला, तेव्हा दिव्यात तेल नसलेल्या त्या पाच मूर्ख बाहेरच राहिल्या ना? दार बंद झालं. लिहिलंय तसं!”

“लिहिलंय बाबा. मीच तर शिकवलं तुला.” बाईंनी सूप खाली ठेवलं. “मी तुला ओळखत नाही, असं आतून कोण म्हणालं रे?”

“नवरा... म्हणजे प्रभू.”

“आणि कुमारींचं काम काय होतं?”

“दिवे घेऊन... सामोरं जायचं.”

“हं.”

अमोसने दारावरच्या त्या चार भोकांकडे पाहिलं.

कापड तसंच जमिनीवर पसरलं होतं. श्वापदाच्या अंगावर तांदळाचे चार दाणे सांडले होते. बाई वाकून ते वेचू लागल्या.

अमोस खुंटीपाशी गेला. निळ्या बाहीवरून त्याने हात फिरवला. दादा, उघड ना रे... इतके दिवस आपण कुणाची वाट बघत होतो, ते त्याला कळलं. तो परत येऊन दाराकडे तोंड करून बसला.

“बाई...” त्याने विचारलं. “कधी येतो तो?”

राहेलबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“ते ठाऊक असतं, तर कडी कशाला उपटली असती?”