मुंगीच्या दारात पेट्रोल

एक होती चिंगी मुंगी. एवढीशी! दिगूकाकांच्या अंगणात तिचं घर होतं. आधी घर होतं. मग त्यावर काकांची स्कूटर आली.

एक दिवस वरून थेंब पडला. टप! अजून एक. टप टप! घरात पेट्रोल शिरलं. शी! कसला वास! पिल्लं खोकली. खॉक खॉक!

मुंगीने पिल्लं पायरीवर ठेवली. तिला आला राग.

"पेट्रोल पेट्रोल, थांब. तू थांबशील, माझं घर सुकेल."

पेट्रोल म्हणालं, "मी नाही थांबणार जा! सुई दार लावेल, तरच थांबेन."

मुंगी चढली वर. तुरुतुरु तुरुतुरु. स्कूटरच्या पोटात पेट्रोलची वाटी. वाटीच्या दारात सुई.

"सुई सुई, दार लाव. तू दार लावशील, पेट्रोल थांबेल, माझं घर सुकेल."

सुई म्हणाली, "मी नाही लावणार जा! मध्ये कचरा बसलाय. कचरा हटेल, तरच लावीन."

कचरा केवढा? तिळाहून लहान. तोरा मात्र राजाचा!

"कचऱ्या कचऱ्या, हट. तू हटशील, सुई दार लावेल, पेट्रोल थांबेल, माझं घर सुकेल."

कचरा म्हणाला, "मी नाही हटणार जा! मिस्त्री फुंकतील, तरच हटेन."

मुंगी गेली गॅरेजात. तुरुतुरु तुरुतुरु. यासीन मिस्त्री चहा पीत होते. सुर्र सुर्र.

"मिस्त्री मिस्त्री, फुंका. तुम्ही फुंकाल, कचरा हटेल, सुई दार लावेल, पेट्रोल थांबेल, माझं घर सुकेल."

मिस्त्री म्हणाले, "मी नाही फुंकणार जा! गाडी कुठाय? हवेत फुंकू? काका गाडी आणतील, तरच फुंकीन."

मुंगी परत आली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले बिचारीचे. काका किक मारत होते. फट् फट् फुस्स! काकांनी गाडी आडवी केली. उभी केली. पुन्हा किक. फुस्स!

"काका काका, गाडी न्या. तुम्ही गाडी न्याल, मिस्त्री फुंकतील, कचरा हटेल, सुई दार लावेल, पेट्रोल थांबेल, माझं घर सुकेल."

काका म्हणाले, "मी नाही नेणार जा! गाडीला नजर लागलीय. म्हणून तर लिंबू-मिरची बांधली. आता लिंबू सांगेल, तरच नेईन."

घ्या! शहाणे काका!

लिंबू हँडलला लोंबत होतं. झुल झुल.

"लिंबा लिंबा, सांग. तू सांगशील, काका गाडी नेतील, मिस्त्री फुंकतील, कचरा हटेल, सुई दार लावेल, पेट्रोल थांबेल, माझं घर सुकेल."

लिंबू म्हणालं, "मी काय सांगू? मला स्कूटरमधलं काय कळतं? फार तर मी पडेन. दोरा तुटेल, तरच पडेन."

मुंगीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. दोरा कोण तोडणार? कुणी नाही. मग तिनेच चावला. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र. तुटला!

लिंबू पडलं. धप्प!
लिंबू उचलायला काका वाकले. खाली पेट्रोलचं तळं! "अरेच्चा! गाडी गळतेय!"
काकांनी गाडी ढकलत नेली.
मिस्त्रींनी फुंकलं. फूऽऽ!
कचरा हटला.
सुईने दार लावलं. टक्!
पेट्रोल थांबलं.
मुंगीचं घर सुकलं.

काका आले स्कूटरवर बसून. फट्फट्फट्! सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, माझ्या लिंबाने गाडी बरी केली!"

सगळे म्हणाले, "वा काका, वा!"

मुंगीला कुणी विचारलंसुद्धा नाही. ती पिल्लांना घेऊन घरात गेली. घर तिचंच होतं. तेच तिला मिळालं, तेही एवढं भांडून.

गोष्ट संपली. मुंगीचा राग नाही संपला.